तीन निर्दोष काचा

क्रमांक पुन्हा एकदा सांगाल का, ताई? — नाही, ऐकू आला मला. ऐकू आला म्हणूनच पुन्हा विचारते. चार हजार दोनशे सतरा. आणि साल, सहा वर्षांपूर्वीचं. — चिठ्ठी इकडे द्या. हं. सही खरी आहे, शिक्काही खरा आहे. बसा. त्या स्टुलावर नको — त्याचा एक पाय आखूड आहे, आजवर त्याने तीन डॉक्टर आणि एक पर्यवेक्षक पाडलेत. या खुर्चीवर बसा. वरची ती रस्त्यालगतची खिडकी उघडत नाही, राग मानू नका. ऊन आत आलं की मेण मऊ पडतं, आणि या भिंतीवरचे सगळे खण मेणाने भरलेले आहेत. एकेका माणसाचा नखाएवढा तुकडा, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला, वर त्याचा क्रमांक. वर्षानुवर्षं तसाच राहतो. मेणात काही सडत नाही. — काही नाही, माझ्याशीच बोलले.

शोधायला किती वेळ लागेल म्हणता? लागणार नाही. या खोलीत सत्तर हजारांवर ठोकळे आहेत, आणि त्यांतला हा एक मला डोळे मिटून सापडेल. पण आधी सांगा, हवाय कशासाठी? — ‘फेरतपासणीसाठी’, ते चिठ्ठीत आहे, मी वाचलं. कोणासाठी, ते विचारते. — मुलीसाठी. वय काय तिचं? — तेवीस. — हं. सावकाश सांगा, मला घाई नाही. — म्हणजे तिच्या छातीत गाठ लागली, सुईने तुकडा काढला, आणि कर्करोग नाही पण पेशी सरळही नाहीत, असा शेरा आला. आणि सर्जनबाई म्हणाल्या की नुसती गाठ काढून नजर ठेवायची, की दोन्ही बाजू काढूनच टाकायच्या, हे आईच्या आजारावर ठरेल. आईला अडतिसाव्या वर्षी झाला असेल तर धोका पत्करायचा नाही. — बरोबर बोलल्या त्या. मीही तेच म्हणाले असते. — आणि मुलगी काय म्हणते? — ‘काढून टाका, आईचे हाल मी पाहिलेत.’ असं म्हणाली? — सतरा वर्षांची होती तेव्हा. उशीवरचे तुमचे केस तीच गोळा करायची. — शस्त्रक्रिया कधी? — सोमवारी. आज गुरुवार. — थोडं थांबा, ताई. मला जरा थांबू द्या.

पाणी घ्या. — ठोकळा देते, देणारच आहे, चिठ्ठी आहे, न देऊन कसं चालेल? पण सहा वर्षांत तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलं का, की कर्करोग म्हणजे काय? — ‘वाईट गाठ.’ बस्स? — सगळ्यांना एवढंच सांगतात, घाईत असतात. मी सांगते, चोवीस वर्षं मी इथे तपासणीचे तुकडे कापते, पात्याखाली दुसरं काही पाहिलेलं नाही. हे पाहा — आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक जागा नेमून दिलेली आहे, एक काम दिलेलं आहे आणि एक वय दिलेलं आहे. जागा सोडायची नाही, काम टाळायचं नाही, वेळ झाली की जायचं. कातडीची पेशी महिनाभरात गळून पडते, कुरकुर करत नाही. जखम झाली की शेजारच्या पेशी वाढतात, खड्डा भरला की थांबतात. हे थांबणं, ताई, ही फार मोठी विद्या आहे. आता एखादी पेशी बिघडते. तिच्या पोटात लिहिलेली आज्ञा चुकते — उन्हाने, धुराने, वयाने, कधी कशानेच नाही, नक्कल उतरवताना हात चुकावा तशी. बहुतेक वेळा शरीर तिला ओळखतं आणि संपवतं. कधी ती वाचते, वाढते, पण आपल्या वेष्टणात राहते. शेजाऱ्याला ढकलते, त्याच्या घरात शिरत नाही. ती साधी गाठ. काढली की संपलं. आणि कधी ती वेष्टण फोडते. तिथून पुढे ती कोणाचंच ऐकत नाही. भिंगाखाली तिचं केंद्रक फुगलेलं दिसतं, गडद जांभळं, एक एवढं तर दुसरं तेवढं, कशाचा कशाला मेळ नाही. ती स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते. मग एकटीदुकटी सुटते, काखेतल्या गाठींत जाते, तिथून रक्तात, रक्तातून हाडात, यकृतात, फुप्फुसात, मेंदूत. जिथे जाते तिथलं काम बंद पाडते, आणि स्वतः कोणतंच काम करत नाही. हाडाच्या पोकळीत रक्त तयार होतं. तिथे हिने गर्दी केली की रक्त आटतं, चार पायऱ्या चढून दम लागतो. यकृतात बसली की डोळे पिवळे. माणूस जेवतो आणि वाळतो. घरचे म्हणतात, ‘नीट खात नाहीस’ — खातो बिचारा, खाणारी दुसरीच असते.

शरीराला पहारेकरी आहेत. बाहेरचा जंतू आला की पकडतात. हिला पकडत नाहीत, कारण चेहरा घरचा आहे. मी शब्द जपून वापरणारी बाई आहे, ताई, पण याला दगा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? परक्याने मारलं तर निदान दार लावता येतं. — काय म्हणालात? पापाचं फळ? कोण म्हणालं? — सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा, कडकबाईंनी निरोप दिलाय — मला इथे कडकबाई म्हणतात, मागून. तोंडावर म्हणायची हिंमत एकीचीच — तर कडकबाईंनी दोन वर्षांच्या लेकराचं मूत्रपिंड कापलंय. त्यात माझ्या मुठीएवढी गाठ होती. त्या लेकराने कोणाचं काय बिघडवलं होतं? मी देवाला मानते, रोज मानते, आणि म्हणूनच ठामपणे सांगते: परमेश्वर इतका हलका न्याय करत नाही. रोग हा रोग आहे. शिक्षा ही वेगळी वस्तू आहे, तिचा पत्ता वेगळा असतो. — तुम्हाला तर मुळीच — जाऊ द्या. मी क्रमाने सांगते. क्रम सोडला की मी पुढचं सांगणार नाही, हे मला माझं माहीत आहे.

तर हे सगळं दिसतं कसं? तुकडा येतो, औषधात मुरतो, मेणात बसतो. मग तो ठोकळा यंत्रात आवळायचा आणि पात्यावरून फिरवायचा. केसाच्या विसाव्या हिश्शाएवढे पातळ काप निघतात, एकाला एक चिकटून, फितीसारखे. शिंकलात तर गेले. ती फीत ऊन पाण्यावर सोडायची — काळं, पसरट भांडं असतं, हाताला सोसेल इतकं ऊन पाणी — म्हणजे सुरकुत्या जातात. मग काच तिरपी पाण्यात घालून काप अलगद वर घ्यायचा. वाळवायचा, रंगवायचा, डॉक्टरांपुढे ठेवायचा. आता यात एक काम इतकं क्षुल्लक आहे की नव्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. एका माणसाचे काप झाले, की दुसऱ्याचा ठोकळा हातात घेण्याआधी पाण्यावरून टिपकागद ओढायचा. एकदा आडवा, एकदा उभा. कारण पहिल्याचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहतो. डोळ्याला दिसत नाही. तो दुसऱ्याच्या काचेवर चढला, की एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर. म्हणून आमच्या टेबलावर दोघींची जोडी असे. मी कापायची, शेजारीण पाणी पुसायची आणि काचा उचलायची. शेजारीण म्हणजे टेबलाची शेजारीण, अठरा वर्षांच्या सोबतीची. मी प्रत्येक ठोकळ्यामागे विचारायची, ‘पुसलंस का?’ आणि ती म्हणायची, ‘पुसलं हो कडकबाई, आता भांड्याचा तळ निघेल बाहेर!’ — तीच ती, तोंडावर म्हणणारी. तिची दोन्ही बाळंतपणं मी पाहिली. तिचा धाकटा मला ‘मोठी आई’ म्हणतो. म्हणायचा.

त्या शेजारणीने केसाने गळा कापला माझा. — सांगते. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, दुपारी साडेतीनचा सुमार. आधीचा ठोकळा साठीच्या एका बाईंचा होता; त्यांची गाठ कातडी फोडून बाहेर आलेली, शंकेला जागाच नव्हती; आठ महिन्यांत गेल्या. त्यांचे काप झाले. नंतरचा ठोकळा एका तरुण बाईचा. सुईने काढलेले चार बारीक धागे, दुसरं काही नाही. आणि मध्ये कागद ओढलाच गेला नाही. त्या थोरल्या बाईंचा एक कण पाण्यावर राहिला, आणि या तरुण बाईच्या काचेवर, तिच्याच धाग्याला टेकून, जणू तिथलाच असा बसला. — पुसायचं काम कोणाचं होतं? तिचं होतं. अठरा वर्षं तिचंच होतं. पुढे वर्षभर मी तिच्याशी कामापलीकडे बोलले नाही. डबा वेगळा खायला लागले. ती विचारायची, ‘माझं काय चुकलं ते तरी सांगा.’ मी सांगितलं नाही. माणसाला आपली चूक आपल्याला कळायला हवी, असं मी — काय म्हणालात? — त्या दिवशी मी तिला विचारलं होतं का, ‘पुसलंस का’? — तुम्ही फार सरळ प्रश्न विचारता, ताई. सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

नाही विचारलं. उलट तिनेच विचारलं. कागद तिच्या हातात होता. ‘बाई, जरा सरका, पुसून घेते,’ म्हणाली. आणि मी म्हणाले, ‘राहू दे, ते मी बघते, तू काचा रंगाला लाव.’ म्हणाले मी. माझ्याच तोंडाने. कारण चार वाजता प्रार्थना होती — मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, आम्ही पंधरावीस जण जमायचो — आणि पहिलं वचन मी वाचायची. अकरा वर्षांत मला एकदाही उशीर झाला नव्हता. ‘बाई आल्या की घड्याळ लावावं,’ असं कोणीतरी म्हणालं होतं, आणि ते मला आवडलं होतं. फार आवडलं होतं. एवढं आवडायला नको होतं. शेवटचा ठोकळा होता. मी कापला, फीत सोडली, काच उचलली, हात धुतले, आणि चारला दोन मिनिटं कमी असताना देवापुढे उभी राहिले. कोणतं वचन वाचलं म्हणता? — आठवत नाही. सगळं आठवतं, पाण्याचा रंग आठवतो, तेवढं एक आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. मोठे म्हणजे वयाने; बारीक माणूस, चष्मा सारखा कपाळावर आणि शोधतात टेबलावर. भिंगाखाली काच होती. म्हणाले, ‘बाई, हा एवढासा तुकडा ठार वाईट आहे, आणि बाजूचं सगळं अगदी साधं. मला पटत नाही हे. ठोकळा खोल कापा, आणखी तीन काचा द्या.’ शहाणा माणूस. त्याने आपलं काम केलं होतं. मी कापल्या. पाणी पुसलं, दोनदा पुसलं, तीन काचा काढल्या, रंगवल्या, आणि त्यांना देण्याआधी स्वतः भिंगाखाली घातल्या. — तिन्ही निर्दोष. साधी गाठ. शिकणाऱ्या पोरींना ‘साधी गाठ अशी असते’ म्हणून दाखवावी इतकी साधी. मी तिथल्या तिथे समजले, ताई. काचा पुठ्ठ्यावर घेऊन मी डॉक्टरांच्या दाराशी गेले — सांगायलाच गेले होते, देवाशपथ — आत तपासणीला आलेली बाहेरची मंडळी बसली होती, चौघे, कागदपत्रं मांडून. आणि डॉक्टर त्यांना म्हणत होते, ‘आमच्या बाईंच्या हातून चोवीस तास आणि बाराही महिने एक कण इकडचा तिकडे होत नाही. त्यांच्या काचेवर मी डोळे मिटून सही करतो.’ मला पाहिलं आणि म्हणाले, ‘या, या, तुमचंच चाललंय! काय झालं त्याचं?’ सगळे माझ्याकडे वळले. हसरे चेहरे. मी पुठ्ठा पाठीमागे धरला आणि म्हणाले, ‘साहेब, ठोकळा संपला. खोल काही उरलं नाही.’ — ‘म्हणजे आहे ती काच तीच?’ — ‘तीच.’ दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर ते ठोकळा पाहायला स्वतः उठले असते. माझ्यासाठी उठले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी सही केली.

बसा, ताई. — नाही, उभ्या राहा; तुमचा अधिकार आहे. — हो. चार हजार दोनशे सतरा. — हो, मघापासून मी तुमचंच बोलतेय. — तुम्हाला कर्करोग नव्हता. — पुन्हा सांगते, कितीदाही सांगते: तुम्हाला कर्करोग कधीच नव्हता. सुईने काढले ते धागे साध्या गाठीचे होते. स्तन काढला तो निरोगी होता. काखेतल्या गाठी काढल्या त्या निरोगी होत्या. त्याचमुळे तुमचा हात सुजतो ना? मघाशी पाण्याचा पेला तुम्ही डाव्या हाताने घेतलात, तेव्हा पाहिलं मी. औषधाचे सहा फेरे — तुमच्या मुलीने उशीवरून जे उचललं — ते सगळं माझ्या त्या एका शब्दावर झालं. ‘संपला.’ — थांबवता आलं नसतं का? आलं असतं. शस्त्रक्रियेला एकोणीस दिवस होते. मी रोज मोजले. विसाव्या दिवशी स्तन आमच्याकडेच आला, तपासायला. डॉक्टरांनी तीस तुकडे पाहिले, कुठे काही सापडेना. मला विचारलं, ‘बाई, असं कसं?’ मी म्हणाले, ‘लहान असेल, सुईतच सगळं निघून आलं असेल.’ असं होतं कधीकधी, खरोखरच होतं. म्हणून तर ते खोटं उभं राहिलं. ते म्हणाले, ‘नशीबवान आहे म्हणायची ती.’ मी ‘हो’ म्हणाले.

आणि माहीत आहे, मी रागावले कोणावर? त्यांच्यावर. उठून पाहिलं का नाही, म्हणून. इतका विश्वास कोणी ठेवतं का माणसावर? शेजारणीवर रागावले — ‘राहू दे’ म्हटलं तर राहू का दिलं, कागद हातात होता ना तिच्या? देवावर रागावले, मी त्याच्याचसाठी धावले होते, त्याने पाण्यावरचा एक कण सांभाळायला काय हरकत होती? सगळ्यांनी मिळून मला फसवलं, असं मी चारपाच वर्षं धरून चालले. मघाशी तुमच्यापुढे सुरुवातही तिथूनच केली, पाहिलंत ना? सवय. — रडू नका म्हणणार नाही. ओरडा, ही खोली तळघरात आहे, वर ऐकू जात नाही. — हात उगारलात तर मी बाजूला होणार नाही. — बरं.

आता मात्र ऐका, कारण आज गुरुवार आहे. हा तुमचा ठोकळा. पाहा, अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, संपलेला नाही. आणि या त्या तीन काचा. फोडता आल्या असत्या मला. एकदा हातोडी घेऊन बसलेही होते. नाही फोडल्या. त्या तेवढ्याच खऱ्या होत्या माझ्याजवळ. आणि हे पत्र, तीन प्रती. मजकूर जुना आहे. तारीख घालायची राहिली होती, ती आता तुमच्यासमोर घालते. — एक सर्जनबाईंना, आजच. मुलीला बरोबर घेऊन जा. त्यांना म्हणावं, या काचा दुसऱ्या ठिकाणी, अनोळखी माणसाकडून वाचून घ्या. माझ्यावर विसंबू नका. मुलीच्या गाठीचं जे ठरायचं ते तिच्या गाठीवरून ठरू दे. लागलंच तर काढू देत. पण माझ्या खोट्यापायी नको. दुसरी प्रत मोठ्या डॉक्टरांना. ती मी स्वतः नेऊन देते. वर्षभर निवृत्त आहेत, अजून माझी विचारपूस करतात. तिसरी तुमची. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. न्यायालयात न्या, वर्तमानपत्रात द्या. मी कशालाच नाही म्हणणार नाही. — क्षमा? नाही, मागत नाही. मागितली की तुम्हाला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल. तुमच्यावर आणखी एक काम कशाला टाकू?

— ‘आणि तुमचं काय गेलं?’ — विचारणारच होतात. विचारलंत ते बरं केलंत. न विचारता सांगितलं असतं तर ते कीव मागण्यासारखं झालं असतं. कीव करू नका. दोन वर्षांपूर्वी अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. डाव्या छातीत, वाटाण्याएवढी. त्याला मी शिक्षा म्हणत नाही; मघाशी सांगितलं तेच स्वतःलाही लागू करते — रोग हा रोग आहे, चांगल्या बायकांना होतो तसा मला झाला. सुईने तुकडा काढला. काप शेजारणीने केले. माझ्या डोळ्यांदेखत तिने पाणी पुसलं, आडवं, उभं, आणि पुन्हा आडवं. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, वाईट आहे, पण लहान आहे, काखेत काही नाही. एका शस्त्रक्रियेत सुटाल. सोमवारी या.’ मी म्हणाले, ‘दुसऱ्या कोणाचा तरी कण आहे तो.’ ते म्हणाले, ‘काहीतरीच काय! स्वतः पाहा.’ मी पाहिलं. फुगलेली केंद्रकं, गडद, कशाचा कशाला मेळ नाही. शिकणाऱ्या पोरीनेही ओळखलं असतं. आणि मी शेजारणीला सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तू पुसलं नाहीस.’ तिला त्या क्षणी सगळं कळलं असावं, कारण त्यानंतर तिने बदली मागून घेतली. मी दुसरीकडे गेले, पुन्हा सुई घालून घेतली. तिथेही वाईट. म्हटलं, यांचंही पाणी घाण. तिसरीकडे गेले. प्रत्येक काच डोळ्याला लावायची आणि कडेकडेने शोधत बसायची, कुठे हा कण वेगळा दिसतो, कुठे तो वरून येऊन पडलाय. मोठे डॉक्टर घरी आले माझ्या. म्हणाले, ‘बाई, बावीस वर्षं तुमच्या काचेवर मी डोळे मिटून सही केली. आता एकदा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.’ हात जोडले हो त्यांनी. मला तोंड वर करता येईना. काय सांगणार होते मी त्यांना, की मला का पटत नाही?

जा आता तुम्ही. वरच्या दाराने जा, रिक्षा तिथेच मिळेल. — अकरा महिने, ताई. गाठ हाताला लागली त्या दिवशी माझा जीव वाचण्यासारखा होता. अकरा महिने मी एकाही काचेवर विश्वास ठेवू शकले नाही. ज्या दिवशी ठेवला त्या दिवशी ती काखेत पोहोचली होती. आता पाठीचे दोन मणके पोखरलेत आणि यकृतावर चार डाग आहेत. औषधाच्या डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, हिवाळा पाहाल. उन्हाळ्याचं काही बोलल्या नाहीत.